पुण्यातून दापोलीकडच्या छोट्या कृषी कॉलेजात जाताना: सामान, प्रवास, रुळणं

कर्वेनगरकर
बारावीपर्यंत सगळं शिक्षण पुण्यात झालं. आता बी.एस्सी. ॲग्रीसाठी दापोली तालुक्यातल्या एका छोट्या कॉलेजात नंबर लागलाय. वर्गात साठेक मुलं, हॉस्टेल आवारातच, बाजारपेठ लांब. जायचं ऐन पावसात. सामान काय न्यावं? दर शनिवारी घरी येणं जमतं का? आणि चार वर्षं तीच साठ माणसं, याची सवय कशी होते? जाणकारांनी सांगावं.

भातखाचर
आधी पाऊस लक्षात घे. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पडतो. दापोलीकडे 3000 च्या वर, आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जाड जीन्स चार-चार दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरते, म्हणून ती एकच ने. बाकी पातळ, झटकन वाळणाऱ्या ट्रॅक पँट आणि टी-शर्ट. नायलॉनची दोरी आणि चिमटे ने. कपडे खोलीत पंख्याखालीच वाळवावे लागतात. चामड्याचे बूट, पट्टा, पाकीट घरीच ठेव, त्यांवर आठवडाभरात बुरशी येते. कापसाची गादीही नको, ती ओल शोषते आणि तिला दाखवायला ऊन मिळत नाही, फोमची चालेल. लॅपटॉप रोज थोडा वेळ तरी चालू ठेव, बॅगेत पडून राहिला तर आत ओल धरतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गमबूट. भाताच्या खाचरात प्रॅक्टिकल असतात आणि पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदरांच्या लघवीतून जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या बारीक जखमेतूनही शरीरात शिरतात. पायाला चीर असेल तर त्या दिवशी चिखलात उतरू नको, सरांना स्पष्ट सांग. ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर क्रोसिन घेऊन झोपून राहू नको. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि खाचरात उतरलो होतो हे आपणहून सांग. तपासणी कशाची करायची ते त्यावर ठरतं.

आणखी एक, जे पुण्यात कुणी सांगणार नाही. तणांचं हर्बेरियम, म्हणजे दाबून वाळवलेल्या रोपांचा संग्रह, करावं लागतं. रोप मुळासकट आणि फुलासकट घे, वर्तमानपत्रात दाबून ठेव आणि पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदल. त्या दमट हवेत एक दिवस चुकला तरी पानं काळी पडतात. म्हणून घरून रद्दीचा गठ्ठा ने!

घाटवाट
प्रवासाचं सांगतो. स्वारगेटहून दापोलीला एसटी आहे; सहा तास धर, पावसात जास्त. ताम्हिणीतून माणगावला उतरणारा रस्ता पावसात दरडींमुळे अडकतो, आणि भोर-महाडचा वरंधा घाट तर पावसाळ्यात बऱ्याचदा बंदच ठेवतात. निघण्याआधी डेपोत फोन करून विचारायचं. रेल्वेचं जवळचं स्टेशन खेड, तेही तीसेक किलोमीटरवर आणि पुण्याहून पनवेलमार्गे वळसा, त्यामुळे तो विचार सोड.

गणपतीत तू गर्दीच्या उलट दिशेने जाशील, पण त्या दिवसांत एसटीच्या गाड्या चाकरमान्यांसाठी वळवतात आणि नेहमीच्या फेऱ्या रद्द होतात. रिझर्व्हेशन आधीच कर.

दर शनिवारी यायचं म्हणशील तर जाऊन-येऊन बारा तास गाडीत. सोमवारी सकाळच्या प्रॅक्टिकलला तू झोपाळलेला असशील.

मधली_सुट्टी
मीही हेच म्हणेन, पण कारण वेगळं. छोट्या कॉलेजात ओळखी होतात त्या शनिवार-रविवारी: मेसमध्ये, व्हॉलीबॉलला, बाजाराच्या फेरीत. पहिले दोन महिने दर आठवड्याला घरी पळणारा मुलगा त्यातून सुटतो, आणि गट एकदा जमले की मागून शिरणं अवघड जातं. पहिली फेरी गणपतीलाच कर, पुढे महिन्यातून एकदा.

पुण्यात एका क्लासमध्ये पटलं नाही तर दुसरा लावता येतो, तिथे तसं नाही. बॅच बहुधा रोल नंबरवर पडतात, म्हणजे आज ज्याच्याशी भांडशील तोच पुढे प्रॅक्टिकलला शेजारी असणार. कुरबूर झाली तर दोन दिवसांत समोरासमोर बोलून मिटव, ग्रुपवर लिहू नको. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातली मुलं भेटतील. त्यांच्या बोलण्याला चुकूनही हसू नको. त्यांच्यातल्या अनेकांनी नांगरणी-पेरणी केलेली असते. शेतावरच्या तासाला त्यांच्याजवळ उभा राहा, बरंच शिकशील.

याची दुसरी बाजू फार चांगली आहे. शिक्षक नावानिशी ओळखतात. संध्याकाळी प्रक्षेत्रावर, म्हणजे कॉलेजच्या शेतावर, जाऊन प्रश्न विचारलास तर कलम बांधायला हातात देतात. लायब्ररी लहान असली तरी ‘कृषिकोश’ या वेबसाइटवर कृषी विद्यापीठांचे प्रबंध मिळतात. खोलीत कुठल्या कंपनीचं नेटवर्क येतं ते सीनियरना विचारूनच सिम घे.

कर्वेनगरकर
खूप आभार. स्कूटर न्यावी का?

घाटवाट
पहिल्या पावसाळ्यात नको. उताराच्या सावलीतल्या रस्त्यांवर शेवाळ धरतं आणि ब्रेक दाबला की चाक सरकतं. दिवाळीनंतर ने, तेही हॉस्टेलमध्ये परवानगी आहे का ते विचारून. आणि टायर नवे घाल.