सल्ला हवा: एकटीने डिझाइनचं काम करताना मंजुरी, फाइली आणि थकबाकी कशी सांभाळता?

रेघ_रंग
नमस्कार मंडळी. चार वर्षं झाली, मी एकटीच ग्राफिक डिझाइनची कामं करते. लोगो, पॅकेजिंगची लेबलं, माहितीपत्रकं. एका वेळी आठ-नऊ कामं हातात असतात. काम मिळण्याची तक्रार नाही, पण पसारा आवरेनासा झालाय.

गेल्या महिन्यातली गोष्ट. एका बाटलीचं लेबल होतं. दुसरा राउंड, म्हणजे दुसऱ्यांदा सुधारून पाठवलेला नमुना, पाहून क्लायंटचा फोन आला, "छान झालंय, फक्त घटकांची ओळ मोठी करा." मी केली आणि तिसरा राउंड त्याच चॅटमध्ये खाली पाठवला. त्यांचा अंगठा आला. आठवड्याने छपाईला फाइल द्यायची म्हणून खात्री करायला मी चॅट उघडलं, तर अंगठा दुसऱ्या राउंडच्या चित्राखाली. त्यांचं बोट वरच्या चित्रावर पडलं होतं आणि फोनवर झालेलं बोलणं मी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. मी दुसरा राउंड छापायला दिला. दोन हजार लेबलं वाया गेली. पुन्हा छापायचा खर्च मी सोसला, आणि दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

मला तीन गोष्टी एका नजरेत दिसायला हव्यात: कोणतं काम कुठवर आलंय, क्लायंटने नक्की कशाला होकार दिलाय, आणि कोणाकडून किती येणं आहे.

बजेट: दरमहा वर्गणी नको. एकदाच काय ते घेईन, तेही एका लहान लोगोच्या मानधनाच्या निम्म्यात बसणारं. तुम्ही काय वापरता?

पिक्सेलवेडा
डोळे झाकून नोशन हे नोंदी ठेवायचं ॲप घ्या. तीन वर्षं वापरतोय, सगळा स्टुडिओ त्यातच आहे. क्लायंटची माहिती, कामाची यादी, बिलं, संदर्भचित्रं. फुकट आवृत्तीत फाइलीच्या आकाराला मर्यादा आहे, तेव्हा सरळ पैसे भरूनच घ्या. वर्षभराचे एकदम भरले तर स्वस्त पडतं. सुरुवातीला मांडणी करायला एक पूर्ण आठवडा गेला, पण आता कोणी सहा महिन्यांपूर्वीचं काम विचारलं तर अर्ध्या मिनिटात काढून देतो.

मार्जिन_सोडा
अहो, त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की वर्गणी नको.

रेघ_रंग, साधी स्प्रेडशीट करा. मी गेली सात वर्षं एकच शीट वापरते. रकाने: काम क्रमांक, क्लायंट, काम, सुरुवात, पुढची तारीख, चेंडू कोणाकडे, ॲडव्हान्स, बाकी. यातला "चेंडू कोणाकडे" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्यात फक्त "मी" किंवा "ते" लिहायचं. सकाळी शीट उघडली की जिथे "मी" आहे तेवढंच आजचं काम. जिथे आठवडाभर "ते" पडून आहे तिथे आठवण करायची. थकबाकीही त्याच ओळीत दिसते, वेगळी वही लागत नाही. खर्च शून्य.

पिक्सेलवेडा
वर्गणी नको म्हणणारे नंतर वर्गणीच घेतात, हा माझा अनुभव. बरं, फुकटच हवं असेल तर ट्रेलो हे कामांच्या याद्यांचं ॲप. प्रत्येक काम म्हणजे एक कार्ड, आणि ते "आलेलं, चालू, क्लायंटकडे, छपाईला, पैसे यायचे" अशा रकान्यांतून उजवीकडे सरकवत न्यायचं. मूळ कल्पना टोयोटाच्या कारखान्यातल्या कानबानची, म्हणजे कार्डांवरून काम पुढे नेण्याच्या पद्धतीची. एकट्या माणसाला फुकट आवृत्ती पुरून उरते.

कोरा_कागद
याद्यांचं नंतर बघा. आधी सांगा, बॅकअप आहे का?

माझी बाहेरची हार्ड डिस्क टेबलावरून पडली. उंची गुडघ्याएवढी. डिस्क चालू होती, खर्र खर्र आवाज आला आणि थांबला. पाच वर्षांची कामं त्या एकाच डिस्कवर. डेटा परत मिळवून देणाऱ्यांनी महिनाभर ठेवून घेतली, निम्म्याच फाइली मिळाल्या, त्यातल्याही बऱ्याच उघडत नाहीत. तेव्हापासून ३-२-१ चा नियम पाळतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने हा नियम रूढ केला, आणि तो आपल्या कामालाही तंतोतंत लागू पडतो. दोन डिस्क घ्या. आजच घ्या.

पिक्सेलवेडा
क्लाउडवर सिंक असेल तर डिस्क कशाला लागतात?

कोरा_कागद
सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे फाइल उडाली की तिकडेही उडते. इथे चुकून जुनी फाइल नवीवर सेव्ह झाली तर तिकडेही तीच जाते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमधून ३० दिवसांनी फाइल कायमची जाते, आणि आपल्याला गरज पडते ती चौथ्या महिन्यात.

पिक्सेलवेडा
जुन्या आवृत्त्या परत मिळतात की.

कोरा_कागद
काही काळच मिळतात. आणि फुकटचे १५ जीबी ईमेल आणि फोटोंसकट असतात. मोठ्या पोस्टरच्या चार लेअरवाल्या फाइली ठेवल्या की संपले.

मार्जिन_सोडा
कृपया विषयावर या. त्यांनी मंजुरीबद्दल विचारलंय.

शाईचे_हात
मी डिझाइनर नाही. बावीस वर्षं छापखान्यात प्री-प्रेसला, म्हणजे छपाईआधीच्या तयारीच्या विभागात होतो, आता घरून लेआउट करतो. ताई, तुमचं लेबल वाचून वाईट वाटलं, कारण ही चूक मी शेकडो वेळा पाहिली आहे आणि तिच्यावरचा उपाय संगणकाच्या आधीपासून आहे.

आमच्याकडे प्रत्येक कामाचं एक मोठं तपकिरी पाकीट असायचं. पाकिटावर वर उजव्या कोपऱ्यात काम क्रमांक, ठळक मार्करने. खाली आकार, कागद, रंग, नग, तारीख. आत प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायचा नमुना. क्लायंट प्रूफवरच सही करायचा, आणि सही नसलेलं प्रूफ पाकिटात असलं तर छपाईची प्लेट निघत नसे. मालक स्वतः येऊन सांगत असले तरी नाही. फोनवर दुरुस्ती सांगितली तर फोन घेणारा ती पाकिटावर लिहून तारीख आणि वेळ घालायचा. मशीनवरचा माणूस संगणक बघत नसे, पाकीट बघायचा.

तुमची सगळी गडबड एकाच ठिकाणी आहे. अंगठा चित्राला मिळाला, फाइलीला नाही. चित्र चॅटमध्ये, फाइल संगणकात, आणि दोघांना जोडणारा आकडा कुठेच नाही. म्हणून प्रत्येक प्रूफच्या चित्रावरच, मार्जिनमध्ये, काम क्रमांक आणि राउंड छापा. क्लायंटकडून अंगठा घेऊ नका, तो आकडा लिहून घ्या. फोन झाला की पाच मिनिटांत तुम्हीच त्यांना दोन ओळी पाठवा: "आता फोनवर ठरल्याप्रमाणे घटकांची ओळ मोठी करते आहे." मग कोणतंही ॲप वापरा किंवा वापरू नका.

आणि छपाईला फाइल देताना कडेने ३ मिमी ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून बाहेर वाढवलेला भाग) आहे ना, तेही बघत जा. बरेच जण विसरतात.

अर्धविराम
शाईचे_हात यांना अनुमोदन. प्रूफवर राउंड नंबर हवाच.

तारीखवार
प्रूफवर नंबर हवाच. पण फाइलीच्या नावात सुरुवातीला तारीख टाका: वर्ष-महिना-दिवस, या क्रमाने. आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ पासून हेच सांगतं. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येतात. वर्ष आधी लिहिलं की नावाप्रमाणे लावल्यावर फाइली आपोआप कालक्रमाने लागतात.

मार्जिन_सोडा
तारखेने गोंधळ वाढतो. एकाच दिवशी दोन राउंड झाले तर? आधी काम क्रमांक, मग राउंड, शेवटी हवी तर तारीख. आणि क्रमांक तीन आकडी ठेवा, ००१ पासून. नाहीतर नावाप्रमाणे लावताना काही ठिकाणी १० हा २ च्या आधी येतो.

तारीखवार
एका दिवसात दोन राउंड होत असतील तर तारखेपुढे अ, ब लावता येतं. मी नऊ वर्षं असंच करतोय, एकदाही फाइल चुकलेली नाही.

निळी_रेघ
मी एका ॲपवर पूर्ण विसंबून होते. नाव सांगत नाही. एके दिवशी ईमेल आली की सेवा बंद होते आहे, तीस दिवसांत डेटा काढून घ्या. डेटा निघाला, पण कोणती टीप कोणत्या कामाची हे जोडणं तुटलं. तीन आठवडे संध्याकाळी बसून हाताने जोडलं. तेव्हापासून ज्यातून साध्या मजकुराच्या रूपात सगळं बाहेर काढता येत नाही ते मी वापरत नाही. स्प्रेडशीटला माझं मत.

करारवाली
सगळे साधनांबद्दल बोलताहेत. पैशाबद्दल कोणीच नाही. माझी आज एकाही क्लायंटकडे थकबाकी नाही आणि त्याला काही ॲप लागलं नाही. निम्मे पैसे हातात आल्याशिवाय फाइल उघडत नाही, आणि उरलेले आल्याशिवाय छपाईची मूळ फाइल देत नाही. तोवर फक्त कमी रेझोल्यूशनचं चित्र. कोटेशनमध्येच लिहायचं: किती राउंड धरलेत, त्यापुढच्या प्रत्येक राउंडचे वेगळे किती, आणि लेखी मंजुरीनंतर निघालेली चूक कोणाची. हे वाक्य असतं तर छपाईचा खर्च निदान वाटून घेता आला असता.

अर्धविराम
करारवालींशी सहमत. शिवाय काम संपलं की इनडिझाइन किंवा इलस्ट्रेटर या अडोबीच्या सॉफ्टवेअरमधून "पॅकेज" करून ठेवा, म्हणजे लिंक केलेल्या इमेज आणि फाँट एका फोल्डरमध्ये येतात. फाँट आउटलाइन केलेली, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकलेली, एक पीडीएफही ठेवा. २०२३ च्या जानेवारीपासून अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप १ या जुन्या प्रकारचे फाँट चालत नाहीत, तेव्हा जुन्या कामाची फाइल उघडली तरी अक्षरं बदललेली दिसू शकतात.

कोरा_कागद
आणि ते पॅकेज कुठे ठेवणार? एकाच डिस्कवर?

रेघ_रंग
सगळ्यांचे मनापासून आभार. खरंच इतक्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. मी भिंतीवर एक मोठा पांढरा बोर्ड लावायचा विचार करतेय. समोर असेल तर विसरणार नाही. कोणी वापरतं का?

मार्जिन_सोडा
नको. मी वर्षभर वापरला होता. खांदा घासून दोन ओळी पुसल्या गेल्या आणि एक काम चार दिवस कोणाच्या लक्षातच नव्हतं. शिवाय बाहेर असताना क्लायंटचा फोन आला तर बोर्ड बरोबर नसतो.

पिक्सेलवेडा
बोर्डावर शोधता येत नाही. मागच्या वर्षीचं काम कसं सापडणार?

निळी_रेघ
बोर्ड मीही लावला होता, पंधरा दिवसांत त्याच्याकडे बघणं बंद झालं. शीटच बरी.

शाईचे_हात
पाकीट घ्या ताई. पाकीट पुसलं जात नाही.

रेघ_रंग
तीन आठवडे झाले, म्हणून काय केलं ते लिहिते.

बोर्डच घेतला. सगळ्यांनी नको सांगितलं हे माहीत आहे, पण मी दिवसभर एकाच खोलीत असते आणि स्क्रीनवरची आणखी एक खिडकी मी उघडणार नाही हे मला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक आहे. शीट मी याआधी दोनदा केली होती, दोन्ही वेळा महिनाभरात सुटली. बोर्ड बजेटमध्ये बसला. पुसलं जाऊ नये म्हणून रकान्यांच्या रेघा कायमच्या मार्करने आखल्या, काम चिकटचिठ्ठीवर लिहिते आणि रोज संध्याकाळी काम बंद करताना फोनने फोटो काढते. बाहेर असले की तो फोटो बघते. मार्जिन_सोडा, तुमचा "चेंडू कोणाकडे" वेगळा रकाना न करता रंगात घेतला: पिवळी चिठ्ठी माझ्याकडे, निळी क्लायंटकडे. खोलीत शिरताना किती पिवळ्या आहेत ते आधी दिसतं. येणं असलेली रक्कम चिठ्ठीच्या खालच्या कोपऱ्यात लिहिते आणि पैसे आल्याशिवाय चिठ्ठी काढत नाही.

काम क्रमांक तीन आकडी सुरू केला, पुढे राउंड. तारीख नाही घेतली, तारीखवार, क्षमा असावी. प्रत्येक प्रूफच्या खालच्या मार्जिनमध्ये तोच आकडा छापते. मंजुरी आता फक्त ईमेलवर, चॅटवर नाही. एका ईमेलमध्ये एकच पीडीएफ, आणि क्लायंटने उत्तरात आकडा लिहायचा. कोटेशनमध्ये राउंडची संख्या आणि मंजुरीचं वाक्य घातलं. एका जुन्या क्लायंटला ते आवडलं नाही, तरी त्यांनी मान्य केलं.

शाईचे_हात, तुम्हाला एक सांगायचंय. परवा एका माहितीपत्रकाचा तिसरा राउंड पाठवला. उत्तर आलं, "ओके." मी परत लिहिलं, कृपया प्रूफवरचा आकडा लिहा. त्यांनी लिहिलं "०४८-२". त्यांनी आदल्या दिवशीची ईमेल उघडली होती, तिसरा राउंड पाहिलाच नव्हता. फोन केला, त्यांनी तो उघडला आणि शेवटच्या पानावर फोन नंबरमधला एक आकडा चुकलेला त्यांनाच दिसला. मग चौथा राउंड गेला आणि उत्तरात "०४८-४ मंजूर" असं आलं. ती ईमेल मी छापून घेतली.

शाईचे_हात
वाचून फार बरं वाटलं. आता ती छापलेली ईमेल एका पाकिटात घाला.

कोरा_कागद
डिस्क घेतली का?

रेघ_रंग
अजून नाही. बोर्डात बजेट संपलं. ०४८ चे पैसे आले की पहिली एक डिस्क, मग दुसरी. बोर्डावर तिचीही पिवळी चिठ्ठी लावली आहे.

कोरा_कागद
तोवर निदान चालू कामांची फोल्डरं एका पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो दुसऱ्या घरी ठेवा. आज रात्रीच करा.