मदत हवी आहे: इंदूर-ग्वाल्हेर सावलीवरून पृथ्वीचा परीघ, एकाच काठीची दोन उत्तरं कशी?

नमस्कार मंडळी,

खगोल आणि गणित जाणणाऱ्यांची मदत हवी आहे. ७ जूनला आम्ही इंदुरात आणि माझ्या भाच्यानं ग्वाल्हेरच्या लष्कर भागात काठीची सावली मोजली आणि त्यावरून पृथ्वीचा परीघ काढला. एकदा उत्तर आलं ५२,५०० किमी, दुसऱ्यांदा ४५,००० किमी. खरा आकडा ४०,०००च्या आसपास आहे, म्हणजे कुठेतरी चुकतंय. कुठे, ते दोन दिवस डोकं खाजवूनही सापडेना.

आता सविस्तर सांगते. रामबागेत आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर संध्याकाळी दहा-बारा मुलं जमतात. मी त्यांना ग्रह-तारे दाखवते आणि रोज व्हॉट्सअॅप ग्रुपवर आकाशाबद्दल चार ओळी टाकते. जूनच्या पहिल्या आठवड्यात लिहिलं होतं, "या दिवसांत दुपारी आपली सावली पायाखाली नाहीशी होते." त्यावर ग्वाल्हेरहून भाच्याचा मेसेज आला, "मावशी, आमच्याकडे कधीच होत नाही." त्याचं बरोबर होतं. सूर्य उत्तरेला जास्तीत जास्त २३.४ अंशांपर्यंत, म्हणजे कर्कवृत्तापर्यंतच येतो. इंदूर २२.७ अंशांवर आहे, म्हणून आपल्या डोक्यावरून तो वर्षातून दोनदा जातो, ७ जूनच्या सुमारास आणि परतताना ५-६ जुलैला (तेव्हा बहुतेक ढगच असतात). ग्वाल्हेर २६.२ वर. तिथे २१ जूनलाही सूर्य डोक्यापासून जवळपास ३ अंश दक्षिणेलाच राहतो आणि १ मीटरच्या काठीची ५ सेंमी सावली उरतेच. मी ग्रुपवर लगेच दुरुस्ती टाकली. मुलांना चुकीचं सांगितलेलं मला सहन होत नाही.

पण त्याच दुरुस्तीतून ही कल्पना सुचली. इसवी सनाच्या आधी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं हेच केलं होतं. सायीनीला, म्हणजे आजच्या आस्वानला, सूर्य डोक्यावर, आणि त्याच वेळी अलेक्झांड्रियाला सावली वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढ्या कोनाची. दोन गावांतलं अंतर ५,००० स्टेडिया (लांबीचं जुनं ग्रीक माप), म्हणून परीघ २,५०,००० स्टेडिया. मनात आलं, आपलं इंदूर म्हणजे सायीनी आणि ग्वाल्हेर म्हणजे अलेक्झांड्रिया!

तयारी अशी केली. पडद्याचा अॅल्युमिनियमचा रॉड दोन्हीकडे बरोबर १ मीटर कापून घेतला. गच्चीला पाण्यासाठी उतार असतो, म्हणून कॅरम बोर्ड पालथा घालून खाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवले आणि पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणला. रॉड ओळंब्यानं उभा केला. ग्वाल्हेरला भाच्यानंही असंच केलं.

घड्याळाचे बारा म्हणजे आपल्याकडची मध्यान्ह नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि इंदूर ७५.९ वर, त्यामुळे त्या दिवशी इंदूरची मध्यान्ह १२:२५ला आणि ग्वाल्हेरची १२:१६ला होती. गोणपाट ओलं करून पायाखाली घेतलं होतं तरी चटके बसत होते. १२:२०पासून रॉडची सावली बुंध्याकडे आखडायला लागली, १२:२५ला गेली. कॅरम बोर्डावर नुसता रॉड, सावली नाही. शेजारच्या आजींनी पितळी कळशी आणून ठेवली होती. त्या मिनिटाला उन्हाचा गोल कळशीच्या तळाच्या बरोबर मधे पडला. मुलं एकेक करून वाकून बघत होती आणि एकही बोलत नव्हतं. (आत पाणी घातलं नव्हतं. सूर्याचं प्रतिबिंब डोळ्यात जाऊ नये म्हणून.)

ग्वाल्हेरची मापं अशी:

१२:१६ला (तिथली मध्यान्ह) सावली ६ सेंमी, कोन ३.४३ अंश.
१२:२५ला (व्हिडिओ कॉलवर, इंदूरच्या बरोबरीनं) सावली ७ सेंमी, कोन ४ अंश.

रस्त्यानं अंतर जवळपास ५०० किमी धरलं. अंतराला ३६०नं गुणून कोनानं भागलं की परीघ. पहिल्या मापानं ५२,५००, दुसऱ्यानं ४५,०००.

माझे दोन प्रश्न. यातलं कुठलं माप खरं मानायचं? आणि सावलीचं टोक पुसट होतं, भाचा कधी साडेसहा म्हणत होता, कधी साडेसात. नेमकं कुठे धरायचं? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा. नुसतं उत्तर नको, कारणही सांगा. मला ते पुढे मुलांना सांगायचंय.

प्रतिसाद, बडोदेकर:
ताई, कळशीचं वाचून अंगावर काटा आला. मी बडोद्याहून मोजायला तयार आहे, उपयोग होईल का?

प्रतिसाद, साखळीवाला:
ताई, सगळी नोकरी भूमापनात गेली, म्हणून लिहितो. मोजमाप चोख आहे, तुमची दोन्ही मापं खरी. अंतर चुकलंय.

५०० किमी हे आग्रा-मुंबई रस्त्याचं अंतर. तो देवास, शाजापूर, ब्यावरा, गुना, शिवपुरी करत वळत जातो. सावलीला ही वळणं माहीत नसतात. १२:२५ला सूर्य नेमका इंदूरच्या माथ्यावर होता. त्या क्षणी ग्वाल्हेरच्या काठीचा कोन म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापाशी इंदूर आणि ग्वाल्हेर यांच्यामधला कोन. त्याच्याशी या दोन गावांतलं सरळ अंतर लावा. १२:१६ला मात्र सूर्य ग्वाल्हेरच्या स्वतःच्या मध्यान्हरेषेवर होता आणि सावली सरळ उत्तरेला पडली होती. तो कोन फक्त दक्षिणोत्तर फरकाचा. ग्वाल्हेर इंदूरच्या जितकं पूर्वेला आहे ते त्यात येतच नाही, म्हणून त्याच्याशी फक्त दक्षिणोत्तर अंतर लावायचं.

आपल्या भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात हेच त्रैराशिक मांडलंय: दोन गावांतलं उत्तरेकडचं अंतर, त्यांच्या अक्षांशांतला फरक, आणि त्यावरून ३६० अंशांचं किती. तिथेच ते असंही सांगतात, की विषुववृत्तापासून उज्जयिनी परिघाच्या सोळाव्या हिश्श्यावर आहे, तेव्हा ते अंतर सोळानं गुणा. उज्जैन तुमच्यापासून तासाभराच्या वाटेवर, मुलांना हे जरूर सांगा.

एक सावधगिरी. अंतर काढताना अक्षांशाच्या फरकाला १११ किमीनं (एका अंशाच्या तयार अंतरानं) गुणू नका. त्या १११मध्ये परीघ आधीच दडलेला आहे, मग तुम्ही उत्तरातूनच उत्तर काढाल. छापील नकाशा घ्या, पट्टीनं मोजा, प्रमाणानं गुणा. नकाशामागे जमिनीवर मोजलेल्या रेषा आहेत. तुमच्या दोन शहरांच्या मधेच, सिरोंजला, जॉर्ज एव्हरेस्टनं १८२४-२५मध्ये अशी पायाची रेषा मोजली होती.

पुसट टोकाचं कारण सूर्य स्वतः. तो बिंदू नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. १ मीटर उंचीवर त्यामुळे कड जवळपास १ सेंमी रुंदीत विरघळते. काठी लांब केलीत तर विरघळणंही तितकंच वाढतं. त्याऐवजी काठीच्या माथ्यावर आडवा पत्रा बसवा, त्याला बारीक भोक पाडा. खाली सूर्याचा छोटा गोल पडेल, त्याचा मध्य धरा. काठीचा बुंधा विसरा, भोकातून ओळंबा सोडून त्याच्या टोकापासून मोजा.

बडोदेकर, तुमचं गाव २२.३ अंशांवर, इंदूरच्या जवळजवळ शेजारच्या रेघेत. परिघाला फार उपयोग नाही. पण तुमची मध्यान्ह इंदूरनंतर जवळपास ११ मिनिटांनी होते. तेवढी वेळ नीट टिपलीत तर रेखांशांतला फरक हाती येईल, तेही काही कमी नाही.

प्रतिसाद, धागाकर्ती:
काका, मनापासून आभार. काल मुलांना घेऊन भिंतीवरच्या नकाशावर बसले. पट्टीनं सरळ अंतर आलं ४५५ किमी. मग इंदूरवरून आडवी रेघ ओढली, ग्वाल्हेरहून खाली उभी, ती ३९० किमी भरली. गणित फळ्यावर केलं. ४ अंशांचं माप, सरळ अंतर: ४०,९५० किमी. ३.४३ अंशांचं माप, दक्षिणोत्तर अंतर: ४०,९३० किमी.

भाचा फोनवर ओरडलाच. मी मात्र त्याला सांगितलं, की कड अर्धा सेंमी इकडे-तिकडे झाली असती तरी ७ टक्के फरक पडला असता. दोन उत्तरं इतकी जुळली यात थोडा नशिबाचाही भाग आहे, तेव्हा पुन्हा मोजायचंच.

२३ सप्टेंबरला, दिवस-रात्र समान असतात तेव्हा, परत करणार आहोत. त्या दिवशी सूर्य आम्हा दोघांपैकी कुणाच्याच डोक्यावर नसेल, म्हणून दोघंही आपापल्या मध्यान्हीला मोजू, इंदूर १२:१९ला आणि ग्वाल्हेर १२:१०ला. हिशेबानं सावल्या ४१.९ आणि ४९.२ सेंमी यायला हव्यात. तोवर पाऊस सरलेला असू दे.

काका, एकच राहिलं. पत्र्याचं भोक ३ मिमीचं ठेवू की त्याहून लहान? सांगितलंत की आजच पत्रा कापून घेते, आणि तसलाच एक भाच्याला कुरिअर करते.