लहानपणी कशावर विश्वास ठेवला होता? (अनुभव धागा)

वडगावची अक्का
रविवारी लेकीबरोबर 'धनक' बघितला. नागेश कुकुनूरचा, २०१६ साली आलेला. राजस्थानातली परी आणि तिचा आंधळा भाऊ छोटू. नववा वाढदिवस यायच्या आत तुला दिसायला लागेल, असा शब्द परीनं त्याला दिलाय. नेत्रदानाच्या पोस्टरवर तिला शाहरुख दिसतो आणि तिची खात्री पटते, हाच करणार. मग दोघं निघतात जैसलमेरकडं, वाळवंटातून. छोटू सलमानवाला, त्यामुळं वाटभर भांडण. लेक हसत होती. मी उठून स्वयंपाकघरात गेले. कारण तसला शब्द मीपण दिला होता.

माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. आमच्या घरात माग. दिवसभर खटाक खटाक, सगळी गल्ली ओरडून बोलायची आणि हा मागाच्या खांबाला तळहात लावून शांत बसलेला. मी आठ वर्षांची, तो पाच. माघातल्या पुनवेला सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जायचं ठरलं, तेव्हा मी त्याला खुणा करून सांगितलं, आई तुला कान देणार. जोगुळबावीच्या कुंडात आंघोळ झाली, अंगभर भंडारा, चारी बाजूंनी 'उदे गं आई उदे'. मी भंडाऱ्याचं बोट त्याच्या दोन्ही कानांना लावलं. तेवढ्यात शेजारी एक जोगती, यल्लम्माला वाहिलेला, चौंडकं वाजवायला बसला, ते एका तारेचं चामडं लावलेलं वाद्य. हा सरळ त्याच्यापाशी गेला, चौंडक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून हसला.

मला वाटलं, झालं. आलं ऐकू.

परतीच्या लाल गाडीत तो पुढच्या बाकावर आईच्या मांडीत, मी मागं. बेळगाव येईपर्यंत त्याला हाका मारत होते. त्यानं एकदाही मान वळवली नाही. यल्लम्मावर राग नाही आला. बोट नीट लागलं नसेल, माझंच चुकलं असेल, एवढंच वाटलं. ते पुढं कित्येक वर्षं वाटत राहिलं.

तुमचंही सांगा. देव, पीर, झाड, हिरो, काहीही चालेल.

टिळकवाडीकर
२१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध प्यायला तो दिवस. आमच्या पितळी गणपतीनं माझ्या चमच्यातलं दूध घेतलं, मी डोळ्यांनी बघितलंय. पुढं शाळेत सरांनी पृष्ठताण शिकवला, दूध चमच्यातून कसं ओढलं जातं ते करून दाखवलं. पटलं. पण त्या दिवशी आमचे आजोबा अंथरुणातून उठून भिंत धरत देव्हाऱ्यापर्यंत आले होते, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा. तेही मी बघितलंय.
कुकरच्या शिट्ट्या झाल्या, नंतर लिहिते.

चिकोडीची सून
मोरपीस! वहीत ठेवायचं, खडूचा चुरा खायला घालायचा, पिल्लू होतं म्हणायचे. माझ्या वहीत खरंच झालं. एकाचे दोन. बारावीत मैत्रिणीनं सांगितलं, तिनं आपलं मोडून माझ्या वहीत ठेवलं होतं, मी रोज विचारून विचारून रडकुंडीला आले होते म्हणून. आता ती धारवाडला असते. आत्ता फोन लावते तिला.

निपाणीचा
आम्ही फकीर व्हायचो मोहरमला. मी सारखा आजारी, म्हणून आईनं पिराला बोललेलं. गळ्यात दोरा, पाच घरं मागून आणायची, मिळेल ते पिराच्या पंजापुढं ठेवायचं. आम्ही मराठा, पण गल्लीतली निम्मी पोरं तशीच फकीर. आई दिवसभर विड्या वळायची, बोटं तंबाखूनं पिवळी. त्याच हातानं चोंगे करायची. पीर उठायच्या रात्री ती मला कडेवर घेऊन गर्दीत शिरायची आणि मोरचेल, मोरपिसांचा कुंचा, माझ्या डोक्यावरून फिरवून घ्यायची. आता मला काही होत नाही, हे मला तेव्हा शंभर टक्के माहीत होतं. आज तसं कशाबद्दलच माहीत नाही. आई गेली चार वर्षांमागं.

खानापूर रोड
दादा, वाचून गलबललं.
चोंगे कसे करतात ते कुणीतरी सांगा की. आमच्या शेजारच्या चाची द्यायच्या, त्यानंतर खाल्लेच नाहीत.

निपाणीचा
गुळाच्या पाण्यात कणीक घट्ट मळायची, जाड लाटायचं, वर साच्यानं नक्षी उठवायची. आई तव्यावर तूप सोडून भाजायची. काही घरांत तळतात. साचा अजून आहे आमच्याकडं.

कॅम्पातला
पिच्चर कुठं बघायला मिळतो अक्का? आमच्या वेळी शाळेतून रांगेनं ग्लोब थिएटरला न्यायचे, दोन दोन पोरं हात धरून. बालचित्र समितीचे सिनेमे असायचे, १९५५ साली सुरू झालेली सरकारी संस्था ती. एका सिनेमात पोराचा कुत्रा हरवतो. आमच्या अख्ख्या ओळीनं हात जोडून प्रार्थना केली आणि कुत्रा सापडला. घरी येऊन आजीला सांगितलं, आम्ही सापडवला. आजी म्हणाली, शाब्बास, आणि दोन लाडू दिले.

टिळकवाडीकर
आले परत. 'धनक'ला २०१५ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या विभागात बक्षीस मिळालं होतं. पुढं उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारपण. आणि मला आज या धाग्यावर कळतंय असला सिनेमा आहे म्हणून! मुलांचे चांगले सिनेमे मुलांपर्यंतच येत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

वडगावची अक्का
लेकीनं मोबाईलवर लावून दिला. कुठलं ॲप ते ती शाळेतून आली की विचारून सांगते.

नंदगडी
माझा जन्मच नवसाचा. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची, कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या शिलेदाराची, समाधी आहे, १८३१ साली २६ जानेवारीला इंग्रजांनी त्याला तिथं फाशी दिलं. समाधीवर वडाचं झाड. मूल व्हावं म्हणून लोक त्याला पाळणे बांधतात. आईबाबांना लग्नानंतर नऊ वर्षं मूल नव्हतं. आईनं छोटा लाकडी पाळणा बांधला आणि मग मी.

सहा वर्षांचा होईपर्यंत माझी समजूत, पोरं वडावरच येतात. आमच्या घरी मराठी, शाळा कन्नड, तिथं रायण्णाचा धडा आला तेव्हा मी उठून सांगितलं, हे माझे अज्जा. बाई हसल्या नाहीत. खाली बस म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, मग पुढचा धडा तूच वाच.

एकदा झाडाखाली उभा राहून खूप रडलो होतो. एवढे पाळणे, सगळे रिकामे, यातली पोरं कुठं गेली? आईनं सांगितलं, ती आपापल्या घरी गेली, तू कसा आमच्याकडं आलास, तशी. त्या रात्री झोप लागली.

चिकोडीची सून
"मग पुढचा धडा तूच वाच" 🙏 असल्या बाई प्रत्येकाला मिळोत.
मैत्रिणीला फोन लागला. तिला मोरपिसाचं काहीच आठवत नाही! पाऊण तास बोललो पण.

रायबागवाला
चिंचलीची मायाक्का. बैलगाडीनं जायचो, रात्रीचा प्रवास. बैलाला देवीची वाट माहीत असते असं अण्णा सांगायचे, म्हणून मी निवांत झोपायचो. अण्णा मात्र रात्रभर कासरा धरून जागे. मी बाप झाल्यावर हे लक्षात आलं.
चारचाकीनं जातो आता. गर्दी बघवत नाही.

खानापूर रोड
रायबागवाला दादा, तिकडं पाऊस आहे काय? आमच्यात सकाळपासून धो धो. कपडे वाळंनात.

वडगावची अक्का
सगळ्यांचं वाचलं, दोनदोनदा. काल रात्री भावाला पण वाचायला दिलं. तो आता पॉवरलूमवर असतो, धागा तुटला की सगळ्यांच्या आधी त्याला कळतं. माझं वाचून झालं आणि बराच वेळ मोबाईल हातात घेऊन बसला. मग टाईप करून दाखवलं, तू मागून हाका मारत होतीस? मला वाटलं तू झोपलीस.

त्याखाली आणखी एक ओळ होती. चौंडकं आलं होतं की ऐकू, पोटात.

निपाणीचा
अक्का. काय लिहू.

टिळकवाडीकर
भावाला माझा नमस्कार सांगा.

वडगावची अक्का
सांगते. नंदगडी दादा, तो विचारतोय, तुमचा पाळणा अजून आहे काय झाडावर?

नंदगडी
दरवर्षी नवे बांधले जातात, जुने गळून पडतात. माझा राहिला नसेल. तरी रविवारी गावाकडं चाललोय, बघून फोटो टाकतो.