‘साचेबद्ध’, ‘ठोकळेबाज’, ‘प्रातिनिधिक’: पात्राबद्दल नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न: एकाच कथेतल्या नागपुरी नोकराला कुणी ‘साचेबद्ध’ म्हटलं, कुणी ‘ठोकळेबाज’, तर कुणी ‘प्रातिनिधिक’ म्हणून वाखाणलं. या शब्दांत फरक काय? आणि आपल्याहून वेगळ्या माणसावर लिहिताना काय सांभाळावं?

उत्तर १: साचेबद्ध म्हणजे तयार साच्यातून काढलेलं. भाषण, कथानक, पात्र, कशालाही लागतं. ठोकळेबाजमध्ये नापसंती जास्त, कारण त्यात घडणच नाही असा आरोप आहे. (बोलताना आपण दोन्हींच्या जागी ‘टिपिकल’ म्हणून मोकळे होतो.) प्रातिनिधिक हा कौतुकाचा शब्द, पण मला धास्ती त्याचीच वाटते. एका माणसाला अख्ख्या मुलखाच्या वतीनं उभं केलं की त्याचं स्वतःचं काही उरत नाही.

नागपुरी पात्राचंच पाहा. दर वाक्याला ‘बे’, ‘काहून’, ‘बाप्पा’ पेरलं की लेखकाला वाटतं, झालं. प्रत्यक्षात ‘काय करून राह्यला बे?’ हे दोस्ताला. तोच पोरगा वडलांसमोर ‘बे’ काढत नाही, बँकेत ‘सर, पासबुक भरून द्या’ म्हणतो आणि ऑटोवाल्याशी सरळ हिंदीत घासाघीस करतो. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशची राजधानी होतं. इथली हिंदी वरवरची नाही. बोली वापरायला हरकत नाही, वापरावीच. पण माणूस कुणाशी बोलतोय यावर ती बदलली पाहिजे. सगळ्यांशी एकच सूर लावणारं पात्र ठोकळेबाज, मग त्यातला शब्दन्‌शब्द अस्सल का असेना.

आणखी एक. नोकर, पानठेलेवाला, हवालदार यांनाच बोली आणि डॉक्टरीणबाईंना प्रमाण मराठी, ही वाटणीही साचाच.

उत्तर २: यात ‘भोळाभाबडा’ जोडायला हवा. आदिवासी पात्राला तो हमखास चिकटवतात, आणि शिवी नसल्यामुळे कुणाला खटकत नाही. नागपूर वसवलं देवगडच्या (कोकणातलं नव्हे, छिंदवाड्याकडचं) बख्त बुलंद शहानं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. तो गोंड राजा. त्याच शहरातल्या कथांमध्ये गोंड माणूस जंगलातून मध घेऊन येण्यापुरताच का यावा? त्याला गृहकर्जाचे हप्ते भरू द्या, भावाशी प्लॉटवरून भांडू द्या. ‘हिशेबी’, ‘हट्टी’, ‘धूर्त’, ‘विनोदी’ ही विशेषणं शेजाऱ्याला लावताना आपण अडखळत नाही, मग त्यालाही लावून पाहावीत.