फौजेत नोकरी केली म्हणजे वीर झाला का?

खाडीपलीकडचा
आमचं गाव गुहागर तालुक्यात, खाडीला लागून. वाड्यावाड्यांतून बरेच जण सैन्यात नाहीतर नौदलात गेलेले. आता ग्रामपंचायतीनं वेशीवर ग्रॅनाइटचा फलक लावायचं काढलंय. मथळा 'आमच्या गावाचे वीर' आणि खाली सैन्यात नोकरी केलेल्या सगळ्यांची नावं. ग्रामसभेत मी एवढंच म्हटलं, की नावं सगळी घाला, पण मथळा 'सैन्यात सेवा बजावलेले ग्रामस्थ' असा करा. त्यावर जो गदारोळ झाला, त्यात मला पाकिस्तानात धाडायचंच काय ते बाकी राहिलं.

माझं म्हणणं साधं आहे. हा फरक मी केलेला नाही, सैन्यानंच केलाय. ९, २० आणि ३० वर्षं सेवा झाली की त्याची वेगळी पदकं मिळतात. परमवीर, महावीर, वीर चक्र वर्षं मोजून मिळत नाहीत.

आपल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे घ्या. १० जुलै १९४४, इटली. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे पडले. हा एकटा माणूस त्या मशीनगनवर धावून गेला. ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडून मारलं आणि मग स्वतः गोळ्या लागून पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. माणगावात त्यांचा पुतळा आहे, जाता-येता बघता तुम्ही. आता 'वीर' हा तोच किताब डेपोत सतरा वर्षं ब्लँकेटं मोजलेल्या माणसालाही द्यायचा? ब्लँकेटं मोजणाऱ्याला मी कमी लेखत नाही. पण मग घाडग्यांसाठी वेगळं काय उरलं?

निवृत्त हवालदार
ब्लँकेटं मोजणारा मीच. स्टोअरमध्ये होतो. बोला आता.

तुम्ही पराक्रम मोजताय, तो गोळी सुटल्यानंतरचा. सही करताना कोणाला ठाऊक असतं, की आपल्या वाट्याला डेपो येणार की ग्लेशियर? ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचेनमध्ये सोनम चौकीवर हिमकडा कोसळला. मद्रास रेजिमेंटचे दहा जण गाडले गेले. लान्सनायक हणमंतप्पा सहा दिवसांनी बर्फाखाली जिवंत सापडला आणि नंतर दिल्लीत वारला. त्यांनी कुठल्या मशीनगनवर झेप घेतली होती? नेमून दिलेल्या जागी उभे होते, बस. त्यांना वीर म्हणायचं नाही का तुमच्या हिशेबानं?

आणि मागं राहणाऱ्या दलांबद्दल जपून बोला. कारवारजवळच्या चेंडियाचे राम राघोबा राणे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे रस्ते आणि सुरुंगवाले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि आडवी टाकलेली झाडं काढत ते पुढं गेले, पहिल्याच दिवशी जखमी होऊनसुद्धा. रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, चालकाला दोरीनं इशारे देत. हयातीत परमवीर चक्र मिळालेले ते पहिले.

खाडीपलीकडचा
हवालदारसाहेब, राण्यांचं उदाहरण माझ्याच बाजूचं झालं की. सॅपर्समध्ये हजारो होते, परमवीर राण्यांना मिळालं, कारण त्या चार दिवसांत त्यांनी केलं ते इतरांनी केलं नव्हतं.

सियाचेनचं मात्र मान्य. जिथं नुसतं उभं राहणं हाच पराक्रम आहे, तिथं माझा वाद नाही. पण म्हणजे परत आपण कुठं, काय केलं यावरच आलो ना? तुकाराम ओंबळे घ्या. सैन्याच्या सिग्नल कोअरमधून, म्हणजे संदेशवहन दलातून, नाईक म्हणून निवृत्त झाले, १९९१ मध्ये मुंबई पोलिसांत लागले. नुसत्या फौजेमुळे वीर ठरत असते, तर तेव्हापासूनच ठरले असते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हातात लाठी घेऊन कसाबची बंदूक धरली, तेव्हा अख्ख्या देशाला नाव कळलं.

निवृत्त हवालदार
आणि ती बंदूक धरायची छाती कुठं घडली? नाक्यावरच्या पानटपरीवर?

चिपळूण बाजारपेठ
छाती फौजेतच घडते असं नाही हो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तळमजले गेलेच, कित्येक ठिकाणी पाणी वरच्या मजल्याला लागलं. रस्ते बंद. बाहेरची पथकं पोचेपर्यंत लोकांना काढलं ते इथल्याच पोरांनी. कोणी होडी आणली, कोणी ट्रकच्या ट्यूबा. त्या प्रवाहात भिंतीला दोर बांधून म्हाताऱ्या माणसांना खांद्यावर घेणं म्हणजे काय, ते बघितलेल्यालाच कळेल. त्यांची नावं कुठल्या ग्रॅनाइटवर आहेत? त्यातला एक जण आमच्याच आळीत गॅरेज चालवतो. टायर बदलून घेताना लोक त्याच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतात. (नंतर एनडीआरएफ आणि सैन्याची माणसं आली, त्यांनीही जीव तोडून काम केलं, हे लिहिलं नाही तर पुढचा प्रतिसाद त्यावरच येईल.)

देवगडचो खलाशी
माझो काको नेव्हीत होतो. तेच्या तोंडून ऐकलेला सांगतंय. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबैत नेव्हीच्या 'तलवार' ठाण्यावरून बंड झाला. खलाशांनी इंग्रजाचो झेंडो उतरवल्यानी. मुंबैतले गिरणी कामगार तेंच्यासाठी रस्त्यार इले, गोळये खाल्ल्यानी. आता माका सांगा, त्या वक्ताक हुकूम पाळणारो वीर की मोडणारो? दोघांचो युनिफॉर्म एकच होतो. आणि ज्यांका बंडापायी काढून टाकल्यानी, तेंका स्वातंत्र्य मिळाल्यावर पण नेव्हीत परत घेवूक नाय. वीर म्हणणारे तेव्हा खंय गेल्ले?

महाडकर
देवगडकरांनी बरोबर जागी बोट ठेवलं. गावाच्या टाळ्यांवर विसंबू नका, एवढंच मी सांगेन.

याच किनाऱ्यावर, दापोलीच्या छावणीत महार पेन्शनर सैनिकांची मोठी वस्ती होती. बाबासाहेबांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ, मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे. निवृत्तीनंतर तेही दापोलीत राहिले. ही माणसं फौजेत अधिकारपदावर चढली, लिहायला-वाचायला शिकली. गावी परतल्यावर त्यांना काय मिळालं? पाणवठा बंदच. वर १८९० च्या दशकात सरकारनं महारांची भरतीच थांबवली, म्हणजे ती शिडीसुद्धा काढून घेतली.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतूनच निवृत्त झालेले. मी त्यांना थोर मानतो ते त्या नोकरीसाठी नाही. पेन्शन घेऊन स्वस्थ बसता आलं असतं, पण त्यांनी भरती पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज लिहिले, अस्पृश्यतेविरुद्ध पुस्तक काढलं, गावोगाव फिरले. १९२७ ला चवदार तळ्यावर जमलेल्यांतही पेन्शनर सैनिक होते. त्यांचं शौर्य मला तिथं दिसतं, आणि त्यासाठी कुणी पदक दिलं नव्हतं. अर्थात फौजेनं त्यांना कणा दिला, हे हवालदारसाहेबांचं म्हणणं मी खोडत नाही.

लान्सनायकाची बायको
पुरुषांचा वाद चाललाय, मध्ये पडते.

माझ्या नवऱ्यानं सोळा वर्षांत शत्रूवर एक गोळी झाडली नाही. तो स्वतःच सांगतो, हसत. कुपवाड्याला असताना कधी कधी फोन लागायचा नाही. मी चुलीपुढं बसून टीव्हीचा आवाज बंद करून खालच्या पट्टीवर नाव येतंय का बघायची. सासू विचारायची, आवाज का बंद केलास. पोर तापानं फणफणलं तर दवाखान्यात मीच, भात लावणी मीच, भावकीतला बांधाचा वाद मीच. तुमच्या हिशेबात याला कुठला रकाना आहे?

खाडीपलीकडच्या भावोजी, त्याला वीर म्हणू नका, माझं काही बिघडत नाही. पण तुम्ही वर 'नोकरी केलेल्या' असं लिहिलंत ना, ते मला लागलं. नोकरी सोडायची तर माणूस राजीनामा देऊन घरी येतो. ह्याची रजा मंजूर होऊन गाडी पकडायच्या आदल्या दिवशी रद्द झालेली आहे.

आणि चिपळूणकर, त्या गॅरेजवाल्याला द्या की मान. त्यासाठी आमचा कमी करायची गरज काय?

चिपळूण बाजारपेठ
वहिनी, कमी करायचा नाही. पण कमरेइतक्या पाण्यात उतरलेल्याचं गाव विसरतं आणि फौजेतून आला म्हणून दुसऱ्याची उघड्या जीपमधून मिरवणूक काढतं, तेव्हा मोजमाप चुकतंय एवढं म्हणायचा हक्क मला आहे. बॅनरवर फौजीच्या फोटोपेक्षा पुढाऱ्याचा फोटो मोठा असतो, ते तुम्हीही बघितलं असेल.

लान्सनायकाची बायको
बघितलंय. आमच्या बॅनरवर ह्यांचं आडनावसुद्धा चुकलं होतं.

भरतीवाला पोरगा
मी रोज पहाटे किनाऱ्यावर धावतो. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत बसलं तर पहिल्या गटात गुण मिळतात. आमच्यातले निम्मे देशासाठी जातायत आणि निम्मे घरी आंब्याची बाग नाही म्हणून, खरं सांगायचं तर बहुतेक जण दोन्हीसाठी. तुम्ही सगळे जुन्या भरतीबद्दल बोलताय. २०२२ पासून अग्निवीर आहे, चार वर्षांचं. त्यातले शंभरातले फार तर पंचवीस पुढं कायम, बाकीचे घरी. म्हणजे 'वीर' नावातच आधी लावून दिलाय, पेन्शन नाही. मी पंचविशीच्या आत परत आलो तर हवालदारकाका, तुमच्या मते मी वीर. खाडीपलीकडचे काका, तुमच्या मते मी माजी कर्मचारी. पण मला पतपेढीत जामीन कोण राहणार, ते दोघांनी ठरवा.

खाडीपलीकडचा
मी राहीन. वीर मात्र आत्ताच म्हणणार नाही.

निवृत्त हवालदार
मी आजच म्हणतो, आणि जामीनही राहतो. बाळा, वाळूत धावून दम वाढतो, पण वेळ मोजायचा तर हायस्कूलच्या मैदानावर मोज. वाळूतला टाइम आणि मैदानातला टाइम यांत फसतात पोरं. स्टॉपवॉच माझ्याकडे आहे.