संशोधनासाठी ‘सब्जेक्ट’ झाला आहात का? अनुभव लिहा

भाची मानसशास्त्रात एम.ए. करते आहे. सध्या घरी येणाऱ्या प्रत्येकाकडे ती ‘सब्जेक्ट (म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा ती व्यक्ती) होईल का?’ अशाच नजरेने बघते. सोसायटीत विचारलं तर एक काका म्हणाले, “मला वेडा ठरवणार नाहीत ना?” एका काकूंना शॉक देतील अशी धास्ती. मी स्वतः कधी गेले नाही. जे गेलेत त्यांनी लिहा, तिथे नेमकं काय करायला लावतात?

चष्मिष्ट
कॉलेजात मित्राच्या प्रॅक्टिकलला बसलो होतो. स्ट्रूपचा प्रयोग, १९३५ सालचा, पण अजून घेतात. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापलेला. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. दोन ओळी झोकात गेल्या आणि मग जीभ अडखळायला लागली. गंमत म्हणजे इंग्रजी तक्त्यावर बरा होतो, मराठीवर पार दांडी गुल! वाचन ज्या भाषेत मुरलंय तिथे अडथळा जास्त, असं मित्र म्हणाला. काकांना सांगा, वेडंबिडं कोणी ठरवत नाही. सगळ्यांची मिळून सरासरी काढतात, कागदावर नावाऐवजी क्रमांक असतो.

रानजाई
माझं ईईजी होतं, म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद. ‘डोक्याला तेल लावून येऊ नका’ असा निरोप येतो, तो मनावर घ्या. टोपी चढवायची, प्रत्येक इलेक्ट्रोडखाली जेल भरायचं, यातच बराच वेळ जातो. मग पडद्यावर आकृत्या येत राहतात, ठरावीक आकृती दिसली की बटण दाबायचं. पापणी लवली की नोंद बिघडते, म्हणून मधल्या सुट्टीत डोळे मिचकावून घ्यायचे. शॉकचा प्रश्नच नाही. यंत्र मेंदूतली वीज टिपतं, सोडत नाही. कंटाळा मात्र मरणाचा, आणि तो संमतीच्या फॉर्मवर लिहिलेला नसतो. केस धुवायची सोय आहे का, आधी विचारा.

सातासमुद्रापार
अमेरिकेत पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेतलं की बऱ्याच ठिकाणी क्रेडिटसाठी अशा अभ्यासांत बसतात. नको असेल तर निबंधासारखा पर्याय देतात. मला स्मरणशक्तीच्या नावाखाली बोलावलं. मध्येच एका मुलीच्या हातून कागद सांडले. ते मुद्दाम होतं, उचलायला कोण उठतं हेच बघायचं होतं! शेवटी सगळं उलगडून सांगितलं आणि माझी माहिती वापरू का, हे पुन्हा विचारलं.
काकूंची धास्ती बहुधा मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅमच्या प्रयोगाची. येल विद्यापीठ, १९६१. तिथेही जाहिरात स्मरणशक्तीचीच होती, आणि समोरच्याला ४५० व्होल्टपर्यंत शॉक द्यायला सांगत. शॉक खोटे होते, देणाऱ्यांना फुटलेला घाम खरा. आज संशोधनाला परवानगी देणारी नीतिसमिती तो प्रयोग जसाच्या तसा होऊ देणार नाही.

खडीसाखर
सासऱ्यांकडे एका संस्थेतून मुलगा आला, ज्येष्ठांच्या स्मृतीच्या अभ्यासासाठी. इंग्रजी फॉर्म पुढे करून म्हणाला, “आजोबा, इथे सही करा.” सासरे निवृत्त तलाठी. “मराठीत आण, मग बघू.” बरोबरच होतं त्यांचं, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत समजेल अशा भाषेत माहिती द्यायला सांगितलंच आहे. मराठी फॉर्म आला, एक प्रत त्यांनी ठेवून घेतली. मग आजचा वार, तारीख, शंभरातून सात-सात वजा करा. तो “पुरे” म्हणत होता, हे थेट दोनपर्यंत जाऊन थांबले! “मग, कशी आहे माझी स्मरणशक्ती?” तर म्हणे, हे संशोधन आहे, निदान सांगत नाही. सासरे दोन दिवस फुगून होते. निकालाच्या आशेने जाणाऱ्यांनी हे आधीच विचारावं.

धुकं
मी फक्त प्रश्नावली भरायला गेले होते. झोप, भूक असं चाललं असताना पुढचा प्रश्न आला, गेल्या दोन आठवड्यांत जगणं नकोसं वाटलं का. माझे दिवस तेव्हा बरे नव्हते. पेन ठेवलं, म्हटलं मी निघते. तिथल्या ताईंनी कारण विचारलं नाही, प्रवासखर्च दिला, माझा कागद बाजूला काढला आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक हातात दिला. भाचीच्या फॉर्मवर आहे का तो?

धागाकर्ती
आत्ताच विचारलं. नव्हता. छापायच्या आधी घालते म्हणाली. एमआरआयच्या यंत्रात कोणी झोपलंय का? त्याबद्दलही येऊ द्या.