आइसलँड, सहा दिवस, स्टिअरिंगला हात न लावता : कोणी केलंय का?

अर्धविराम

आइसलँडबद्दल कुठेही वाचायला घेतलं की पहिलं वाक्य ठरलेलं : गाडी भाड्याने घ्या आणि देशाला चक्कर घालणाऱ्या रिंग रोडला लागा. आमचं घोडं तिथेच अडलंय. मला गाडी चालवता येत नाही आणि आता शिकायची हौसही नाही. नवऱ्याला येते, उत्तम येते. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून समोरच्या गाडीच्या दिव्यांभोवती त्याला कडी दिसतात. अनोळखी रस्ता, वारा, पाऊस आणि त्यात ती कडी, नको वाटतं. तो मात्र 'काही होत नाही गं' म्हणतोय.

म्हणून गाइडबरोबरच्या मिनीबसच्या सहली बघतेय. दक्षिण किनाऱ्याच्या दोन दिवसांच्या आहेत, पूर्ण चकरेच्या सहा-आठ दिवसांच्या आहेत. माहितीपत्रकांत सगळं 'अविस्मरणीय' असतं, त्यातून काही कळत नाही. एकेका ठिकाणी खरोखर किती वेळ मिळतो, की उतरा, फोटो काढा, चढा? माझा उजवा गुडघा कुरकुरतो, तर सगळी गाडी माझ्यासाठी खोळंबणार का? आणि जून की सप्टेंबर?

कंपन्यांची नावं नकोत, ती मी शोधेन. जाऊन आलेल्यांनी काय ते सांगा.

चाकोरीबाहेर

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मिनीबस म्हणजे शाळेची सहल. शिट्टी वाजली की चढायचं. आम्ही चौघांनी गाडी घेतली होती. एका बिननावाच्या धबधब्यापाशी दोन तास बसून राहिलो, कोणी हटकलं नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : जूनमध्ये जा. तेव्हा तिथे रात्र अशी होतच नाही, म्हणजे समोरच्या दिव्यांचा प्रश्नच मिटला.

पानगळ

अर्धविराम, मी केलंय. सप्टेंबरच्या शेवटी, सहा दिवस, एकटीने, वयाच्या बासष्टाव्या वर्षी. गाडी अठरा प्रवाशांची, ड्रायव्हर तोच गाइड. जरा सविस्तर लिहिते. निघण्याआधी मीही हेच शोधत होते आणि हाती लागले ते नुसते धबधब्यांचे फोटो.

आधी माझी फजिती. मेलमध्ये 'सकाळी पिकअप' लिहिलेलं, म्हणून मी हॉटेलच्या दारात बॅग घेऊन उभी. रेक्याविकच्या मधल्या भागातल्या गल्ल्यांमध्ये सहलीच्या मोठ्या बसना मनाई आहे. त्यासाठी क्रमांक घातलेले ठरावीक थांबे आहेत आणि बहुतेक सहली तिथूनच माणसं उचलतात. माझा थांबा होता हाल्ग्रिम्सकिर्क्या चर्चपाशी, म्हणजे थेट टेकडीच्या माथ्यावर. बॅग ओढत, धापा टाकत पोचले तेव्हा सतरा चेहरे खिडकीतून माझ्याकडे बघत होते. सहलीची ओळखपरेड माझ्यापुरती तिथेच उरकली. तुम्ही आदल्या संध्याकाळी थांबा चालत जाऊन बघून या.

आता वेळ. थिंगवेत्लिरला तासभर मिळाला. इ.स. ९३० मध्ये तिथे आइसलँडची लोकसभा भरायला लागली, आणि जमीन दुभंगून पडलेल्या भेगेतून आपण चालत जातो. तिथे मला तास कमी पडला. स्त्रोकूरच्या गरम पाण्याच्या कारंज्यापाशी पाऊण तास होता आणि तो पुरून उरला. दर पाच-दहा मिनिटांनी उडतं ते. पहिल्यांदा मी ओरडले, दुसऱ्यांदा फोन उलटा धरला, तिसऱ्यांदा फोन खिशात घालून नुसतं बघितलं. सेल्यालांड्सफॉस धबधब्याच्या मागून चालत जाता येतं, पण वाट ओली आणि खडकाळ. मी अर्ध्यातून परतले. स्कोगाफॉस या दुसऱ्या धबधब्याच्या बाजूने वर जायला पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत. गाइडने सरळच सांगितलं, चढून उतरायला चाळीस मिनिटं लागतात आणि आपल्याकडे तेवढीच आहेत. मी खालीच थांबले. साठ मीटरवरून पाणी पडतंय आणि त्याच्या पुढ्यापर्यंत सपाट जमीन. गुडघ्याला याहून काय हवं?

तर तुमच्या गुडघ्यासाठी कोणी खोळंबत नाही. न चढणारे तिघे-चौघे प्रत्येक गाडीत असतातच, आणि त्यांची आपसात छान गट्टी जमते. खोळंबा होतो तो कॉफीच्या रांगेपायी. आमच्यात एक जोडपं प्रत्येक ठिकाणी सहा मिनिटं उशिरा यायचं. प्रत्येक ठिकाणी. चौथ्या दिवसापासून गाइड त्यांना सहा मिनिटं आधीची वेळ सांगायला लागला.

चाकोरीबाहेर यांचं एक म्हणणं खरं आहे. आपल्याला हवं तिथे गाडी थांबत नाही. ढगांतून एकाच कुरणावर ऊन उतरलंय, मेंढ्या अगदी कापसासारख्या दिसताहेत, आणि गाडी ऐंशीच्या वेगाने पुढे. हे दिवसातून दहादा होतं आणि दहाही वेळा जीव चुटपुटतो. हे चालणार नसेल तर मिनीबस नको.

पण चौथ्या दिवसाबद्दल सांगते. हॉप्न गावाहून उत्तरेला निघायचं होतं. (लिहितात वेगळं, उच्चारतात साधारण असं. गाइडने तीनदा घोकून घेतलं.) सकाळी साडेआठला बॅगा खाली आणल्या तर गाइड नाश्त्याच्या टेबलावर रस्त्यांचा नकाशा उघडून बसलेला. पूर्वेकडच्या फ्योर्डांत, म्हणजे डोंगरांमधल्या चिंचोळ्या खाड्यांत, डोंगरावरून समुद्राकडे वाऱ्याचे झोत येतात, त्यात उंच गाडी रस्त्यावरून सरकते. म्हणाला, आत्ता निघायचं नाही. बाहेर ऊन होतं! हॉटेलच्या काचेतून सगळं शांत दिसत होतं. दोघांनी कुरकुर केली, एकाने पैसे परत मागितले. आम्ही अकरा वाजता निघालो. एक ठिकाण गाळलं, मुक्कामाला मीवात्न सरोवरापाशी अंधारात पोचलो. वाटेत एका वळणापलीकडे भाड्याची कॅम्पर व्हॅन आडवी पडलेली दिसली. माणसं बाहेर उभी होती, धडधाकट. गाइडने गाडी थांबवून चौकशी केली आणि परत येऊन चकार शब्द काढला नाही. त्यानंतर पैसे परत मागणाराही गप्प.

मी पैसे कशाचे भरलेत ते मला तिथे कळलं. गाडी हाकायचे नाहीत. आज निघायचं की नाही, हे दुसऱ्या कोणीतरी ठरवायचे. आम्ही घरचे चौघे असतो तर पुढच्या हॉटेलचं बुकिंग वाया जाईल म्हणून साडेआठलाच निघालो असतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. तुमचे 'काही होत नाही गं' म्हणणारेही निघाले असते.

रेनिसफ्याराच्या समुद्रकिनाऱ्यावरही तेच. काळी वाळू, बसाल्टचे खांब, फोटोत सगळं सुंदर. तिथे मध्येच एखादी लाट आधीच्या लाटांपेक्षा कितीतरी आत येते आणि माणसाला ओढून नेते. माणसं गेली आहेत तिथे. धोका दाखवणारे दिवे आहेत, त्या दिवशी पिवळा होता. गाइडने गाडीचं दार उघडण्याआधी एकच वाक्य आवाज चढवून सांगितलं : पाण्याकडे पाठ करायची नाही. पाच मिनिटांत एक कुटुंब, आमच्या गाडीतलं नव्हे, पाठ करून फोटो काढत होतं.

आणखी एक. स्केदारार्सांदूरच्या वाळवंटात रस्त्याच्या कडेला लोखंडाचे वाकडेतिकडे तुकडे पडलेत, खेळण्यासारखे पिळवटलेले. मी भंगार समजून दुसरीकडे बघितलं असतं. ते पुलाचे गर्डर आहेत. १९९६ मध्ये वात्नायोकुल या हिमनदीखाली ज्वालामुखी उसळला, बर्फ वितळून साठलेलं पाणी नोव्हेंबरमध्ये सुटलं आणि पूल उचलून घेऊन गेलं. याच पट्ट्यातल्या नद्यांवर पूल बांधून झाले तेव्हा कुठे, १९७४ मध्ये, हा तेराशे किलोमीटरहून लांब रिंग रोड पूर्ण झाला होता. गाइड हे सांगत होता तेव्हा आम्ही नव्या पुलावरूनच चाललो होतो. सगळ्यांनी एकदम खाली बघितलं.

आता तक्रारी. जागा धरून ठेवतात लोक, पहिल्या दिवशी बसला तिथेच शेवटपर्यंत. सहल दक्षिणेकडून सुरू होत असेल तर डावीकडची खिडकी पकडा. डोंगर, हिमनद्या, धबधबे सगळे डावीकडे, उजवीकडे बहुतेक वेळ सपाटी आणि लांब कुठेतरी समुद्र. मी उजवीकडे बसले होते. (फजितीचं फळ, उशिरा पोचल्यावर उरलेली जागा.) रात्रीचं जेवण बहुधा सहलीत धरलेलं नसतं आणि हॉटेलं गावापासून लांब असतात, म्हणजे हॉटेलात मिळेल ते खायचं, ते म्हणतील ते द्यायचं. शेवटचा दिवस बघण्याचा कमी, बसण्याचा जास्त. उत्तरेकडच्या आकुरेरी गावाहून रेक्याविक ३९० किलोमीटरच्या आसपास आहे. आणि दुपारी गाडी लांबलचक थांबली की चिडू नका. सलग साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरने पाऊण तास विश्रांती घ्यायची, असा नियमच आहे.

चाकोरीबाहेर

पानगळ, कॅम्परबद्दल वाचून गप्प बसवत नाही. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये एक गोष्ट गाळली होती. दार. पार्किंगमध्ये वाऱ्याकडे पाठ करून गाडी लावली, मुलीने दार उघडलं, वाऱ्याने ते असं खेचलं की बिजागरीच वाकली. पुढचे तीन दिवस त्या बाजूने कोणी उतरलं नाही. भाड्याच्या कंपनीने कागद दाखवला : वाऱ्याने दार मोडलं तर विम्यात बसत नाही. वाळूने रंग खरवडला तर त्याचा विमा वेगळा. त्या दोन तासांच्या धबधब्याचा हिशेब मी अजून बायकोला पूर्ण सांगितलेला नाही.

एकेरी पुलांचंही लिहायला हवं. रिंग रोडवर अजून काही आहेत. जो पुलाजवळ आधी पोचेल तो आधी जातो, आणि दोघांना वाटतं आपणच आधी पोचलो.

तरी पुन्हा गेलो तर गाडीनेच जाईन. दार मात्र मी उघडेन.

अर्धविराम

पानगळ, हे मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. 'निघाले असते' या वाक्याला तो हसला, म्हणजे मान्य आहे. अजून दोनच गोष्टी. रेक्याविकमध्येच एक खोली घेऊन रोज एकेका दिवसाची सहल केली तर? रोज बॅग भरायला नको. आणि महिन्याचं काय ठरवू?

पानगळ

रोज परत येणं ऐकायला छान वाटतं. थिंगवेत्लिर, गेइसिर (स्त्रोकूरचं कारंजं तिथलंच), गुल्फॉस धबधबा या चकरेसाठी चालेल, पण योकुल्सारलोनसाठी नाही. हिमनगांचं ते सरोवर रेक्याविकपासून साधारण ३७५ किलोमीटरवर आहे. एका दिवसात जाऊन येणाऱ्या सहली निघतात, चौदा तासांच्या. त्यातला सरोवरापाशी मिळणारा वेळ किती, ते तुम्हीच मोजा. सहा दिवस जमत नसतील तर दक्षिण किनाऱ्याची दोन दिवसांची घ्या, वाटेत मुक्काम असलेली.

महिना तुम्हाला काय बघायचंय त्यावर ठरवा. जूनमध्ये उजेड रात्रभर, रंगीत चोचीचे पफिन पक्षी कड्यांवर, पण अरोरा, म्हणजे रात्रीच्या आकाशात हलणारे रंगीत प्रकाशाचे पट्टे, शून्य, कारण आकाश काळं होतच नाही. पफिन ऑगस्टच्या सुमारास समुद्रावर निघून जातात. सप्टेंबरअखेरीस दिवस-रात्र जवळजवळ सारखे, म्हणून अरोराची आशा धरता येते. खात्री कोणी देत असेल तर त्याच्याकडून सहल घेऊ नका. पहिल्या दोन रात्री आम्हाला ढगच दिसले. तिसऱ्या रात्री साडेबाराला रिसेप्शनवरून खोलीत फोन आला. पायजम्यावर कोट चढवून बाहेर गेले, तर राखाडी ढगाचा पट्टा. परत वळणार तेवढ्यात तो पट्टा हलला. मग हिरवा झाला. शेजारी ते सहा मिनिटांवाले उभे होते, या वेळी माझ्याआधी पोचलेले.

हिमनदीवर चालायचा कार्यक्रम असेल तर बुटांना लावायचे लोखंडी काटे तेच देतात, पण घोटा झाकणारे बूट आपले लागतात. गुडघ्याचा विचार करता मी ते टाळलं. सरोवरातली बोटीची फेरी त्याऐवजी घेतली, ती सहलीच्या पैशांत नव्हती. आधी विचारून ठेवा.

आणि नवऱ्याला ड्रायव्हरच्या अगदी मागची जागा देऊ नका. उत्तम गाडी चालवणारा माणूस तिथे बसला की दोन दिवस त्याचा उजवा पाय ब्रेक दाबत राहतो. आमच्या गाडीत असे एक काका होते. तिसऱ्या दिवशी गाइडने त्यांना मागच्या रांगेत पाठवलं, आणि संध्याकाळपर्यंत ते खिडकीला डोकं टेकून घोरत होते.